‘शिक्षकांनी मारल्यास हरकत नाही’ या कागदावर सही करू का?

पत्र :

ताई, नमस्कार.

आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. घरी तेलुगू बोलतो, मुलगा मराठी शाळेत सातवीला आहे. मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मी घरी विड्या वळते. मागच्या पालकसभेत लई गोंधळ झाला. पोरं मोबाइल आणतात, मारामाऱ्या करतात, बाईंच्या तासाला शिट्ट्या वाजवतात, गृहपाठ कोणी करत नाही, आणि आम्हाला तर हात लावायची बंदी, आम्ही काय करणार, असं शिक्षक म्हणाले. मग पालकच उठून बोलायला लागले, सर तुम्ही मारा, आमची काही तक्रार नाही. शेवटी सगळ्यांनी लिहून द्यायचं ठरलं. छापील कागद घरी आला आहे : ‘माझ्या पाल्यास शिस्तीसाठी शारीरिक शिक्षा केल्यास माझी हरकत नाही.’ मिस्टर म्हणतात, कर सही, आम्ही मार खाऊनच सुधारलो.

पण दिवाळीच्या सुट्टीनंतर गणिताच्या सरांनी मुलाला लाकडी पट्टीने बोटांवर मारलं. तेव्हापासून गणिताचा पहिला तास असला की सकाळी त्याच्या पोटात दुखतं. सर वाईट नाहीत, मनापासून शिकवतात. सही नाही केली तर सगळ्यांत मीच वाईट दिसणार, आणि सर मुलावर डूख धरतील अशी भीती वाटते. मी त्याचे जास्त लाड करते का? सही करू का?

– एक आई, सोलापूर

उत्तर :

ताई,

सही करू नका. मिस्टरांनाही करू देऊ नका, आणि शेजारणीने विचारलं तर तिलाही हेच सांगा.

हा कागद कायद्यापुढे रद्दीच्या भावाचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम अगदी छोटं आहे. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही, आणि जो असं करील त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होईल. 1 एप्रिल 2010 पासून हा कायदा लागू आहे. 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तुमचा सातवीतला मुलगा त्यात बसतो. पालकांनी लिहून दिलं असेल तर चालेल, अशी पळवाट त्यात कुठे ठेवलेली नाही. ठेवताही आली नसती, कारण मार न खाण्याचा हक्क तुमचा नाही, मुलाचा आहे. स्वतःचं घर विकायला आपण सही करू शकतो, शेजाऱ्याचं नाही.

या कागदाने सगळ्यांत आधी गोत्यात कोण येईल, तर ज्यांच्यासाठी तो छापला ते शिक्षकच. उद्या रागाच्या भरात एखाद्याच्या कानशिलात बसली, पोराला ऐकू येईनासं झालं, तर हा सगळा गठ्ठा चौकशीत बाहेर येईल. शाळेने मारायचं आधीच ठरवलं होतं, याचा पुरावा म्हणूनच तो वाचला जाईल. 2015 च्या बाल न्याय कायद्यातही 75 वं कलम आहे. ज्याच्या ताब्यात मूल सोपवलंय त्यानेच त्याला मारहाण करून यातना दिल्या, तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षकाची प्रत्येक छडी गुन्हा ठरते असं मी म्हणत नाही. याबाबत निरनिराळ्या न्यायालयांनी निरनिराळे निकाल दिले आहेत, कधी हेतू पाहिला, कधी इजा पाहिली. पण खात्याची चौकशी आणि निलंबन कोर्टाच्या निकालासाठी थांबून राहत नाही. गणिताचे सर मनापासून शिकवतात असं तुम्हीच लिहिलंय. मग हे लोढणं त्यांच्या गळ्यात कशाला?

कायद्याचं एवढं पुरे. कायद्यात नसतं तरी मी सही करू नका असंच म्हटलं असतं.

‘आम्ही मार खाऊनच सुधारलो’ हे तुमच्या मिस्टरांचं वाक्य मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या पिढीचं बालपण त्यातच गेलं. निरगुडीचा फोक, डस्टर, अंगठे धरून उभं राहणं, आणि वर घरी सांगितलं तर घरचा आणखी एक फटका. बाप मुलाला शाळेत घालतानाच मास्तरांना सांगायचा, वाटेल तेवढं मारा, डोळे-कान तेवढे सांभाळा. त्यातून जी माणसं शिकून पुढे गेली ती आज कौतुकाने सांगतात, सरांनी मारलं म्हणून मी घडलो. पण हे सांगायला तीच उरली आहेत. मार चुकवायला शाळा चुकवणारा, मग सहावीतच दप्तर टाकून मागावर कांड्या भरायला नाहीतर हॉटेलात कपबशा धुवायला लागलेला मुलगा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भाषण करायला येत नाही. मिस्टरांना एकदा जेवताना सहज विचारा, तुमच्या वर्गातली किती पोरं दहावीपर्यंत आली? मधेच गळाली ती कशाने गळाली? भांडू नका, नुसतं विचारा. ज्याने ती पोरं जवळून पाहिली आहेत त्याला उत्तर माहीत असतं.

आणि मारानेच शिस्त येत असती तर ती केव्हाच यायला हवी होती. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12 हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या तीनपैकी जवळजवळ दोन मुलांनी आपल्याला मार बसतो असं सांगितलं होतं. तीनातल्या दोघांना औषध चाललं होतं, तरी रोग होता तिथेच होता.

परदेशातही हा हिशेब मांडून झालाय. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 2016 मध्ये आधीच्या पन्नास वर्षांतले 75 अभ्यास एकत्र केले, मुलांचा आकडा दीड लाखाच्या वर. हे घरातल्या चापटीबद्दल होतं, शाळेतल्या पट्टीबद्दल नाही, आणि बेदम मार तर त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला होता. तरीही चापट खाणारी मुलं जास्त ऐकतात असं काही दिसलं नाही. उलट आक्रमकपणा जास्त, मनाच्या तक्रारी जास्त, आईबापांशी नातं ताणलेलं. यावर कोणी म्हणेल, द्वाड पोरांनाच मार बसतो, म्हणून आकडे तसे येणारच. शंका रास्त आहे. पण त्याच मुलांना वर्षानुवर्षं पाहिलेले, सुरुवातीचा द्वाडपणा हिशेबात धरलेलेही अभ्यास झालेत, आणि त्यांचा कलही तिकडेच आहे. न मारता शिकवणं हे आजकालचं खूळ आहे असं सभेत कोणी म्हणालं तर ताराबाई मोडकांचं नाव घ्या. त्यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, 1945 ला बोर्डीला जाऊन काम उभं केलं, आणि तिथे पुढे आदिवासी पाड्यांवरची, शाळेचं तोंड न पाहिलेली मुलं शिकली. छडीशिवाय.

आता तुमच्या मुलाकडे येते, कारण पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती त्याची पोटदुखी. ती नाटक समजू नका. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, काही नाही म्हणाले तर ती भीतीची आहे असं धरून चाला. भीतीने पोट खरोखर दुखतं, मूल खोटं बोलत नसतं.

मग एक दिवस निवांत त्याची गणिताची वही घेऊन बसा. विड्या वळता वळताही चालेल, सूप मांडीवर असू दे. सरळव्याजाचं एखादं उदाहरण त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, यात काय काढायला सांगितलंय ते मला तेलुगूत सांग. उत्तर काढायला लावू नका, फक्त प्रश्न सांगू दे. वहीही बघा. नुसते गुणाकार-भागाकार बरोबर आणि शाब्दिक उदाहरणं कोरी किंवा चुकलेली असतील, तर तुमच्या मुलाचं गणित कच्चं नाही. ‘द.सा.द.शे. 10 दराने’ या अक्षरांपाशी तो अडलाय. ज्याच्या घरी मराठी बोलतात त्यालाही दर साल दर शेकडा म्हणजे काय ते कोणीतरी एकदा समजावून द्यावं लागतं. तुमच्याकडे ते कोण सांगणार?

सोलापुरात हे फार होतं. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड नाहीतर दखनी, शाळेत पुस्तकी मराठी. पोरं तिन्हीत फाडफाड बोलतात, म्हणून आपल्याला वाटतं त्यांना सगळं समजतं. बाजारातलं मराठी आणि पुस्तकातलं मराठी यात मात्र बरंच अंतर आहे. ज्याला समजत नाही तो एकतर गप्प बसतो किंवा मागच्या बाकावर जाऊन शिट्टी वाजवतो. शिट्टी वाजवणारा निदान डोळ्यांपुढे असतो. गप्प बसणारा थेट सहामाहीच्या निकालात सापडतो. बोटांवर पट्टी बसली की अशा मुलाला व्याज कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच की या तासाला हात वर करायचा नाही. सरांना वाटतं पोरगं सरळ झालं.

सभेत बोलणाऱ्या पालकांबद्दलही लिहायला हवं. त्यांना मी क्रूर म्हणणार नाही. बारा तास मागाच्या खडखडाटात उभं राहून आलेल्या माणसाला घरी येऊन पोराशी बोलायचं त्राण नसतं, आणि हजार विड्या पुऱ्या करायच्या असलेल्या बाईला वही बघायला वेळ नसतो. तेव्हा ‘सर, तुम्ही मारा’ याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की आमच्याने होत नाही, तुम्ही बघा. पण सरांच्याने तरी कसं होणार? सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा असं तोच कायदा सांगतो. तुमच्या मुलाच्या वर्गात किती मुलं आहेत ते मोजून घ्या. साठ असतील तर सभेत विचारायचा प्रश्न हा आहे. शिवाय अधूनमधून निवडणुकीचं काम, जनगणना. घरी बघायला कोणी नाही, शाळेत एकाच्या वाट्याला साठ, आणि मधल्या या मोकळ्या जागेत आपण पट्टी ठेवायला निघालो आहोत.

‘नापास करत नाहीत, मारत नाहीत, मग पोरांना धाक कसला?’ हेही सभेत कोणीतरी म्हणालं असणार. त्यांना सांगा, महाराष्ट्रात 2023 मध्ये नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही झालं तर त्याच वर्गात. तुमचा मुलगा पुढच्या वर्षी आठवीत जाईल, तेव्हा हे तुम्हालाही माहीत असलेलं बरं. त्याने धाक किती बसला, हे शिक्षकांनाच विचारा.

मग शिस्त लावायची कशी? याचं उत्तर मी पुस्तकातून देत नाही. मी शिकवत होते त्या शाळेत आठवीला इतिहास शिकवणाऱ्या एक बाई होत्या. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. मार्च महिना, मधल्या सुट्टीनंतरचा तास, वर पत्रा तापलेला, वर्गात घामाचा आणि डब्यातल्या चटणीचा वास, अशा वेळी भलेभले शिक्षक ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. या बाई आत आल्या की बोलायच्याच नाहीत. फळ्यावर पान नंबर लिहायचा, एक प्रश्न लिहायचा आणि सरळ शेवटच्या बाकापाशी जाऊन उभं राहायचं. तिथल्या एकाच्या वहीवर बोट ठेवून, त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायचं, हे तुला काय वाटतं? शिट्टी वाजली तर कोणी वाजवली हे त्या कधीच विचारायच्या नाहीत. विचारलं की वर्गाचं कोर्ट होतं, साक्षी-पुरावे सुरू होतात, तास संपतो. त्यांना पोरगा माहीत असायचा. शाळा सुटल्यावर सायकल काढताना त्याला एकट्याला गाठायच्या, दोन मिनिटं. मागच्या बाकावरच्या हिरोला प्रेक्षक लागतात, आणि बाई त्याला प्रेक्षक मिळूच द्यायच्या नाहीत.

सगळ्यांना हे जमत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून नियम शाळेने करायचे, एकट्या शिक्षकाच्या जिवावर सोडायचे नाहीत. नियम थोडे हवेत, आणि परिणाम छोटा पण हमखास हवा. मोबाइल सापडला तर मुख्याध्यापकांच्या कपाटात, पालकाने स्वतः येऊन सही करून न्यायचा. पहिल्याच वेळी, आणि अध्यक्षांचा नातू असला तरी. मारामारी केली तर दोघांनी वेगवेगळं बसून काय झालं ते लिहायचं, मग समोरासमोर वाचायचं. बाक खरवडला तर तोच घासून पुसून द्यायचा. खेळाचा तास मात्र शिक्षा म्हणून काढून घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. ज्यांचा काढतात त्यांनाच त्याची सगळ्यांत जास्त गरज असते. मुलं कडक शिक्षेला जेवढी घाबरतात त्याहून जास्त चुकवता न येणाऱ्या शिक्षेला घाबरतात. छडीचं तसं नसतं. ती सरांच्या मूडवर असते, आणि सरांचा मूड ओळखायला पोरं फार लवकर शिकतात.

एक सावधगिरी. पट्टी गेली आणि तिच्या जागी जीभ आली, असं होऊ देऊ नका. वर्गासमोर ‘विड्या वळणारीचा पोर, तू काय शिकणार’ असं कोणी म्हणालं तर तेही सतराव्या कलमातच येतं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आईवडिलांच्या धंद्यावरून, जातीवरून हिणवणं मानसिक त्रासात धरलंय. बाकावर उभं करणं, गुडघ्यावर बसवणं, हेही शारीरिक शिक्षेत धरलंय.

आता सर डूख धरतील ही भीती. ती खोटी नाही, म्हणूनच कागद घेऊन तडक मुख्याध्यापकांकडे जाऊ नका, आधी गणिताच्या सरांना भेटा. एकट्याच, शाळा सुटताना, हातात मुलाची वही घेऊन. पट्टीपासून सुरुवात करू नका. म्हणा, सर, हा उदाहरणाचा प्रश्न वाचतो पण त्याला अर्थ लागत नाही, आमच्या घरी मराठी नाही, तुम्ही सुरुवातीला एकदा सोप्या शब्दांत सांगाल का, किंवा वर्गातल्या एखाद्या मुलाशेजारी बसवाल का? मनापासून शिकवणाऱ्या शिक्षकाला ही माहिती हवी असते, बऱ्याचदा ती त्याला कोणी दिलेलीच नसते. ते ऐकून घेत आहेत असं दिसलं की मग सांगा, तुम्ही मारल्यापासून तो घाबरतो, तुमच्या तासाच्या दिवशी पोट दुखतं. आवाज न चढवता, पण सांगायचं. तुम्ही हे बोलू शकता हे त्यांना दिसलं पाहिजे.

कागद कोराही परत करू नका, तो हरवला म्हणूनही सांगू नका. छापील वाक्यावर आडवी रेघ मारून खाली तुमच्या हाताने लिहा : ‘शारीरिक शिक्षेला माझी संमती नाही. मुलाच्या वागण्याबद्दल किंवा अभ्यासाबद्दल शाळा बोलावेल तेव्हा आम्हा दोघांपैकी एक जण नक्की येईल.’ दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते पाळावं लागेल. मिस्टरांची रातपाळी असेल त्या आठवड्यात सकाळी तेही जाऊ शकतात. तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी आया गल्लीत असणारच, सभेत तोंड न उघडलेल्या. त्यांनाही हेच लिहायला सांगा आणि सगळ्या मिळून द्या, म्हणजे एकटीचं नाव डोळ्यावर येणार नाही.

शाळा अनुदानित असेल तर तिथे शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका असाव्यात, असा कायदा आहे. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ला देण्यापुरतंच असतं, तरी मोबाइलच्या कपाटापासून साठ मुलांच्या वर्गापर्यंत सगळं तिथे मांडता येतं. तुमचं नाव द्या तिथे.

एवढं करूनही मारणं चालू राहिलं तर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर त्याच कायद्याच्या 32 व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरात महापालिकेच्या शिक्षण खात्याकडे. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. मुलाला इजा झाली असेल तर मात्र या पायऱ्या चढत बसू नका. दवाखान्यात न्या, कागद करून घ्या, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, फुकट लागतो. तुमच्या पत्रावरून तरी तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही.

लाडांचं विचारलंत. मुलाला मार बसू नये असं वाटणं म्हणजे लाड नव्हे. गृहपाठ झाला नाही तरी मोबाइल हातात देणं, तो उद्धट बोलला की हसून सोडून देणं, बापाला कळू नये म्हणून प्रगतिपुस्तक लपवणं, हे लाड. यातलं काही घरी चालू असेल तर ते आजपासून बंद करा.

कागद देण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि ऑफिसमधून दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या.